बापाचा फोन, पोरीचा टॅब

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जोडीला झेरॉक्स. टेबलावर एक लॅपटॉप, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र. टेबलाखाली इन्व्हर्टरची बॅटरी, जिच्यावर माझं अर्धं पोट चालतं. मी मोबाइल विकत नाही, दुरुस्तही करत नाही. पण ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याला त्यातलं सगळं कळतं अशी गावाची समजूत आहे. त्यामुळे दहावीचा निकाल लागला की दाखल्याच्या रांगेतच तो प्रश्न येतो. "अन्ना, पोरगी टॅब म्हणते. घेऊ का? फोन तर हाय घरी."

शहरातल्या जाणत्या माणसांचं यावरचं उत्तर मला पाठ आहे. फोन आता तळहाताएवढे मोठे झाले, लॅपटॉप वहीएवढे हलके झाले, मग मधल्या वस्तूवर पैसे कशाला? हा वाद टॅबच्या जन्मापासूनचाच आहे. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्जनं आयपॅड दाखवला, तेव्हा फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे का, हा प्रश्न त्यानं स्वतःच मांडला होता. पुढच्या वर्षी, ५ ऑक्टोबर २०११ ला, दिल्लीत कपिल सिबल यांनी 'आकाश' आणला. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि वर्तमानपत्रातलं ते कात्रण जपून ठेवलं होतं. पहिल्या आवृत्तीचा पडदा बोट दाबून दाबून चालवावा लागे आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकायची. आकाश विरला आणि टॅब म्हणजे खेळणं, हे मत मागे राहिलं.

शहरातलं उत्तर चूक नाही. पण त्यात तीन गोष्टी धरून चाललेल्या असतात: घरात प्रत्येकाला आपला फोन आहे, भिंतीतल्या प्लगात वीज आहे, आणि घरी वायफाय आहे. आमच्याकडे यातली एकही धरून चालता येत नाही.

आधी फोनचं बघू. फोन घराचा म्हणतात, पण तो असतो बापाच्या खिशात. जानेवारी लागला की सिरोंचा तालुक्यातली गावंच्या गावं मिरची तोडायला गोदावरीपलीकडे उतरतात, खम्मम-वरंगलकडे. नवरा-बायको दोघंही जातात, फोन त्यांच्याबरोबर जातो. पोरं आजीजवळ. आजीकडे बटणांचा फोन, त्यात लाल आणि हिरवं अशी दोनच बटणं तिच्या ओळखीची. म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे पेपर, नोट्स, वेळापत्रक सगळं तेलंगणातल्या मिरचीच्या शेतात पोचत असतं आणि बाप ते संध्याकाळी उघडून परत मिटवत असतो. तो परत आला, तरी फोन संध्याकाळी पोरीच्या हातात आला की तेवढ्यात मुकादमाचा फोन, मग मामाचा, मग गाडीवाल्याचा. पोरगी भौतिकशास्त्राचा व्हिडिओ थांबवते आणि फोन देते. परत मिळतो तेव्हा बॅटरी बारा टक्के असते.

टॅबवर कुणाचा फोन येत नाही. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, आणि दुकानातल्या पाटीवर तो कधी लिहिलेला नसतो.

हे मला कळलं ते एका मुलीमुळे. प्राणहितेच्या काठावरचं गाव, घर तेलुगू बोलणारं, मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. नागपूरच्या 'महाज्योती'कडून तिला टॅब मिळाला. ही महात्मा ज्योतिबा फुले यांच्या नावाची राज्य शासनाची संस्था २०१९ साली सुरू झाली. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलांना सीईटी, जेईई, नीटच्या ऑनलाइन शिकवणीसाठी ती टॅब देते, बरोबर दिवसाला ६ जीबी डेटा. अर्ज माझ्याच लॅपटॉपवरून भरला होता, म्हणून टॅब आल्यावर ती पेढे घेऊन आली. मी मनात म्हटलं, दिवाळीपर्यंत यावर सिनेमे चालू होतील.

तसं झालं नाही असं नाही, सिनेमेही चालले. पण तिनं त्या वस्तूचा वापर ज्या पद्धतीनं बसवला ते बघण्यासारखं होतं. तिच्या घरात रेंज नाही. गावातल्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर ती मिळते, तीही कधी आपल्या टॉवरची, कधी नदीपलीकडची. संध्याकाळी भावाला सोबत घेऊन ती टाकीवर जायची, दुसऱ्या दिवशीचे धडे उतरवून घ्यायची आणि घरी येऊन विनारेंज बघायची. दिवसाचे ६ जीबी तिनं असे भरून आणले. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीही तिच्या टॅबमध्ये होती. ही पुस्तकं मोठ्या आकाराची. फोनवर उघडली तर एक ओळ वाचायला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं, आकृती एकीकडे आणि तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे. दहा इंची पडद्यावर अख्खं पान एका नजरेत येतं. सहा इंच आणि दहा इंच यांत फरक काय, असं विचारणाऱ्यानं फोनवर सेंद्रिय रसायनशास्त्राचं एक प्रकरण वाचून दाखवावं.

शिवाय मोठ्या पडद्याभोवती दोघं-तिघं बसू शकतात. एकदा तिनं आजीला बारापासोरसचा सांगाडा दाखवला. आमच्या तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ १९६० च्या सुमारास त्या डायनासोरची हाडं निघाली. ती गेली कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात, आणि १९७५ साली त्याला नाव मिळालं. वडधमचं जीवाश्म उद्यान आम्ही सगळे सहलीत बघून आलेलो, पण उभा सांगाडा इथल्या फार थोड्यांनी पाहिलाय. आजीनं तो टॅबवर पाहिला आणि हे आपल्या शेताखालून निघालं हे मान्य करायला साफ नकार दिला.

आता विजेचं. आमच्याकडे वीज आहे, पण पावसाळ्यात वारा सुटला की आलापल्लीच्या जंगलात कुठंतरी तारेवर झाड पडतं आणि इकडे सिरोंच्यात अंधार. जुलै २०२२ च्या पुरात तर लोक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन लावत होते. अशा ठिकाणी लॅपटॉप घेताना त्याची भूक आधी बघावी लागते. त्याला ४५ ते ६५ वॅटचा चार्जर लागतो. टॅबचं १० ते १८ वॅटवर भागतं, म्हणजे फोनच्याच चार्जरवर. सात हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २७ वॅट-तास. छपरावर वीस वॅटचं छोटं सौर पॅनल असलं तर उन्हाच्या एका दिवसात ती भरते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून एकदा जवळजवळ पूर्ण भरून निघते. पॉवर बँकेवर लिहिलेला आकडा पूर्ण बाहेर येत नाही, दोन-तृतीयांशच्या आसपास येतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. लॅपटॉप त्या बँकेवर सहसा जागाही होत नाही.

एवढं ऐकून कुणी लगेच टॅब घ्यायला निघालं, तर मी त्याला थांबवतो. कारण टॅब कुठं अडतो, तेही याच मुलीनं दाखवलं.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ती टॅबवर बसली. फोटो अमुक केबीच्या आत हवा, सही वेगळी, दाखला पीडीएफमध्ये, तोही ठरलेल्या आकारात. बोटानं हे सगळं करता येतं, पण अर्धं झालं की संकेतस्थळ तिला बाहेर काढायचं. शेवटी ओटीपी. तो गेला बापाच्या नंबरवर, बाप वरंगलकडे मिरचीत. दहा मिनिटांत अंक सांगायचे. तिनं शेजाऱ्याच्या फोनवरून बापाला फोन लावला. बापाला कळेना की बँकेचं सोंग घेऊन कुणी फसवतंय का, कारण ओटीपी कुणाला सांगू नका हे त्याला मीच बजावून ठेवलं होतं. दहा मिनिटं संपली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि लॅपटॉपवर तासाभरात काम झालं.

दुसरी अडचण माझ्या डोक्यातही आली नव्हती. सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. मुलीनं वर्षभर शेकडो प्रश्न बोटानं सोडवले, आणि सरावासाठी माझ्या केंद्रात येऊन बसली तेव्हा माउस धरता येईना. बाण पडद्यावर कुठल्या कुठे जायचा. नीट अजून कागदावर होते, तिथे पेननं गोल काळे करायचे असतात. पण सीईटीच्या गणितात नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न असतात, त्यात बाण शोधण्यात वेळ घालवून चालत नाही. मग दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी तिला लॅपटॉप द्यायचो. पहिले दोन दिवस नुसतं पत्त्यांचं सॉलिटेअर खेळवलं. आईनं येऊन पाहिलं आणि माझ्यावर जाम भडकली.

मीही एकदा दाखल्यांच्या शिबिराला लॅपटॉपऐवजी उसना टॅब नेऊन पाहिला. अंगठ्याचं यंत्र त्याला जोडलं गेलं, चाललंही. पण दहा-वीस कागद एकामागून एक चढवायचे, नावं मराठीत टंकायची, चुकलं तर मागं जायचं, यात दुपार गेली आणि रांग तशीच. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताई टॅबवर गरोदर बायांच्या नोंदी करतात, कारण त्यांचं अ‍ॅपच टॅबसाठी बांधलेलं आहे. जे काम ज्या वस्तूसाठी बांधलं, ते तिच्यावरच नीट होतं. वाचायला, बघायला, सोडवायला टॅब. भरायला, लिहायला, पाठवायला लॅपटॉप. म्हणून डिग्रीला जाणाऱ्या किंवा कॉम्प्युटरचा कोर्स करणाऱ्या पोराला मी टॅब घेऊ देत नाही. तेलंगणातल्या मंचेरियलला कंपन्यांनी बदललेले जुने लॅपटॉप मिळतात, ते बघ म्हणतो. बॅटरी मेलेली असते, प्लगला लावूनच वापरावे लागतात, पण कीबोर्ड असतो.

यंदा मे महिन्यात तेंदूचा हंगाम उरकल्यावर एक बापू आले. त्यांची मुलगी त्याच टॅबवालीच्या बाकावर बसणारी, पण महाज्योतीच्या प्रवर्गांत न बसणारी. दोघींनी वर्षभर एकाच टॅबवर डोकी लावून अभ्यास केला होता आणि आता शेवटचं वर्ष होतं. नवरा-बायकोनं पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारभर घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी खरेदीच्या फळीवर नेऊन मोजून द्यायची, असा तो पैसा. दहा-बारा हजार बाजूला काढले होते. नातेवाइकाच्या पोरानं फोनवर एक टॅब दाखवला होता, चांगला दिसणारा, दोन-अडीच हजारांनी स्वस्त. मी बघितलं. त्यात सिम घालायची जागाच नव्हती.

यात आमच्या भागातले कितीतरी लोक फसलेत. नुसत्या वायफायचा टॅब स्वस्त पडतो. मग त्याला इंटरनेट द्यायला फोनचा हॉटस्पॉट लागतो, आणि फोन पुन्हा बापाच्या खिशात. ज्या कारणासाठी टॅब घ्यायचा तेच गेलं. दुसरं फसणं रॅमचं. दोन-तीन जीबीवाले टॅब पहिल्या दिवाळीपर्यंत पळतात, मग पान उलटायलाही वेळ घेतात. तिसरं, दुरुस्ती. गडचिरोली आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर. मंचेरियल पूल ओलांडून दीड-दोन तास. जिथं नेऊन दुरुस्त करता येईल तिथूनच घ्यावा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची काच फुटली की ती कपाटात कपड्यांखाली जाते.

बापूंना मी एका रद्द झालेल्या अर्जाच्या पाठीमागे लिहून दिलं: सिम हवं, दहा इंच, रॅम चार जीबी, साठवण चौसष्ट, पक्कं बिल, जाड कव्हर. सिम पोरीच्या आधारला जोडलेल्या नंबरचंच घाला, म्हणजे ओटीपी तिच्याकडेच येईल. नंबर जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्या, मग टॅब. आणि या टॅबवरून कुणाला फोन लावायचा नाही, हे घरात सांगून ठेवा.

त्यांनी कागद नीट वाचला, तेलुगूत बायकोला समजावला, घडी घालून खिशात ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळले.

"अन्ना, त्यात मॅच दिसते का?"

मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. "नाही दिसत," म्हटलं.