अवसरी ते भीमाशंकर, सायकलवर

आमचे अवसरी बुद्रुक आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून थोड्याच अंतरावर आहे. गावाच्या पूर्वेला जमीन सपाट होत शिरूरच्या कोरड्या माळाला जाऊन मिळते. पश्चिमेला घोड नदीच्या खोऱ्यातून जमीन हळूहळू चढत सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पोहोचते आणि तिथे एकदम तुटते. खाली कोकण. सायकलवर लांबची सफर आखायची असेल तर जमिनीची ही ठेवण आधी डोक्यात पक्की बसवावी लागते. आमच्या घरात गेली दोन वर्षे या एका विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी लग्नाच्या तारखांवरही झाली नसेल.

विषय काढला मुलीने. बारावी झाली, मामूंनी गिअरची सायकल घेऊन दिली आणि मंचरपर्यंतच्या फेऱ्यांनी तिचे समाधान होईना. धाकट्या भावाला सोबत घेऊन भीमाशंकरला जायचे, असे तिने एका रात्री जेवताना जाहीर केले. आमच्या अम्मीने हातातला घास तसाच धरून विचारले, "का गं, एसटी बंद पडल्या का?" तिची मुख्य भीती मात्र पुढच्या वाक्यात होती. "दिवेलागणीला तू उसातून सायकल चालवत येणार आणि आम्ही दारात उभे राहायचे?"

या भीतीला आमच्या भागात आधार आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. इथल्या उसात मादी पिल्ले देते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच चालते. 2025 च्या अखेरीस शेजारच्या पिंपरखेड भागात मुलांचे बळी गेले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. वनखाते वारंवार सांगते की अंधारात एकट्याने फिरू नका, सोबत बॅटरी ठेवा, आवाज करत चला. त्यामुळे आमच्याकडे सफरीची आखणी सुरू झाली ती परत येण्याच्या वेळेपासून. मगरिबच्या आधी घरात, ही पहिली अट. बाकीचे सारे गणित त्या अटीपासून उलटे मोजत आले.

युरोपातल्या आल्प्स पर्वतात सायकलवर दिवसेंदिवस भटकणारे लोकही असेच उलटे मोजतात. तिथे बिबट्या नाही, पण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून विजा पडतात, म्हणून माथा सकाळीच ओलांडून खाली यायचे असते. तिथली मंडळी अंतर विचारण्याआधी चढ विचारतात. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट 2757 मीटर उंचीवर आहे. प्राटो गावाच्या बाजूने रस्ता फक्त 24 किलोमीटरचा, पण चढ 1800 मीटरचा आणि वळणे 48. आपल्याकडे 24 किलोमीटर म्हटले की "दीड तासात पोहोचू" असे उत्तर येते. तिथे सरावलेल्या माणसाचीही अर्धी सकाळ जाते. स्वित्झर्लंडमध्ये पायी भटकणारे एक सोपा हिशोब वापरतात: दर 100 मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. सायकलला तो कमी पडतो, कारण ओझ्यासह चढावर सायकल चालण्याच्या वेगावर येते. आम्ही घरचा हिशोब ठरवला. सपाटीवर तासाला 15 किलोमीटर आणि चढाचे तासाला 300 मीटर वेगळे. नवख्या पायांसाठी एवढाच धरावा, पुढे सराव वाढला तर वाढवावा.

आता आमच्या जमिनीची एक उलटी गोष्ट. आल्प्समध्ये वस्ती दरीत आणि घाट डोक्यावर. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी चढायचे आणि थकल्यावर उतरत घरी यायचे. आपण मात्र पठारावर, सहाशे-सातशे मीटरवर राहतो. आपल्या भागातला सर्वांत देखणा रस्ता म्हणून पोरे माळशेज घाटाचे नाव घेतात. ओतूर, मढ, पिंपळगाव जोगाचे पाणी आणि मग घाट. पण हा घाट आपल्याकडून गेले की आधी उतरतो. पाचशे मीटरच्या आसपास सरसर खाली जायचे, मुरबाडच्या बाजूच्या दमट उन्हात पोहोचायचे आणि तोच कडा दुपारी, मालट्रकच्या धुरात, परत चढायचा. उतरताना कुणालाच काही वाटत नाही, फसगत होते ती तिथेच. म्हणून आमच्या घरी नियम झाला की घाटमाथ्यावर थांबून कोकण पाहायचे, खाली उतरायचे नाही.

भीमाशंकरचा रस्ता याच कारणाने बरा. मंचर, घोडेगाव, डिंभे, पोखरीचा घाट, तळेघर आणि मग अभयारण्य. चढ जाताना येतो, उतार परतताना. भीमाशंकर हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे नकाशावर फरक तीनशे-चारशे मीटरचाच दिसतो. पण रस्ता सरळ चढत नाही. ओढ्यात उतरतो, पुन्हा चढतो. पायांना तो पाच-सहाशेचा पडेल असे आम्ही धरले. वाऱ्याचीही साथ आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून सुटतो, तो परतीला पाठीवर येतो. सकाळी पूर्वेकडे, पाबळला मस्तानीच्या कबरीपर्यंत जाऊन आलेल्यांना परतताना हाच वारा तोंडावर घेऊन काय वाटते ते विचारा. पाबळची सफर मात्र सरावाला उत्तम आहे. रस्ता फार चढाचा नाही, एका सकाळीत होते आणि 1740 मध्ये वारलेल्या त्या बाईंच्या कबरीवर फातिहा पढून परतता येते. आमच्या पोरांनी आधी ती केली, मग नारायणगावाजवळच्या खोडदची. तिथे रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या शेतांतून उभ्या आहेत. आसपासच्या भागातल्या धरून एकूण 30. या दोन सफरींत कळले की मुलगी चढावर दमत नाही, पण पाणी प्यायला विसरते. धाकट्याचे उलटे.

मग भीमाशंकरचा कागद लिहिला. अवसरीहून जाताना साधारण 70 किलोमीटर, जाऊन-येऊन 140. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. फज्रनंतर लगेच निघायचे असे मुलांचे म्हणणे होते, पण फज्र आणि सूर्योदय यांच्या मधला अंधार हीच बिबट्याची वेळ. म्हणून स्वच्छ उजाडल्यावर, 6.45 ला. घोडेगाव 8.30. डिंभे साडेनऊच्या आत. तिथून माथ्यापर्यंत, घरच्या हिशोबाने, चार तासांहून जास्त. म्हणजे भीमाशंकरला पोहोचायला दीड-दोन वाजणार. परतीला उतार धरूनही साडेचार तास. बेरीज सरळ अंधारात जात होती. कागदावर आकडे मांडले तेव्हा मुलगी स्वतःच म्हणाली, "अब्बा, एका दिवसात नाही होत." मी किंवा अम्मीने नाही म्हटले असते तर अबोला झाला असता. आकड्यांशी कोण अबोला धरणार?

म्हणून पहिले लक्ष्य तळेघर ठरले आणि एक वेळ ठरली, 11.30. त्या वेळी जिथे असाल तिथून मागे फिरायचे, तळेघर समोर दिसत असले तरी. अम्मीला ही अट सर्वांत आवडली.

रस्त्याबद्दल थोडे सांगतो. मंचरला पुणे-नाशिक महामार्ग ओलांडावा लागतो. तो ओलांडण्यापुरताच, त्यावरून सायकल नेऊ नये. घोडेगाव तालुक्याचे ठिकाण आहे. हवा भरणे, चहा, केळी, सगळे इथेच उरकावे. डिंभ्याला घोड नदीवरचे धरण. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. 1930 च्या डिसेंबरात मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभे राहून जीव देणारा हा गिरणी कामगार आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. आणि ज्याच्यावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली आहे.

डिंभ्याच्या पुढे एक फाटा आहुप्याकडे जातो. त्याच बाजूला माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसे गेली. गाव जागेवर नाही हे नेहमीच्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आले, तेव्हा बाहेर बातमी पोहोचली. मोबाइलची रेंज या भागात आजही सगळीकडे मिळत नाही. पावसाळ्यात हा सारा प्रदेश हिरवागार होतो आणि फोटो पाहून पुण्याची पोरे धावत येतात. आमच्या कागदावर जून ते सप्टेंबर डिंभ्याच्या पुढे सायकल नाही. ही ओळ मी माझ्या हाताने लिहिली आणि ती कुणी खोडायची नाही.

आल्प्समधली एक पद्धत मला मनापासून आवडली. तिथे डोंगरात मुक्कामाची घरे असतात. प्रत्येक घरात एक वही असते. निघताना नाव आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचे. माणूस हरवला तर शोध कुठून सुरू करायचा ते वही सांगते. आपल्याकडे तशी घरे नाहीत, पण वही घरी ठेवता येते. आमच्या फ्रिजवर कागद चिकटवला. कोणत्या गावाहून किती वाजता फोन येईल, फोन नाही आला तर किती वेळ वाट पाहायची, मग कोणाला कळवायचे. वाट पाहणाऱ्या माणसाला घड्याळ मिळाले की त्याची निम्मी काळजी कमी होते.

खाण्यात मुलांनी दुकानातल्या महागड्या पाकिटांची नावे घेतली होती. अम्मीने खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि बाजरीची भाकरी बांधली. पाण्यात लिंबू, साखर, मीठ. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागो न लागो. पिशवीत जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पंप, पान्ना, पुढचा-मागचा दिवा आणि जानमाज म्हणून एक पातळ चादर. जोहरसाठी स्वच्छ जागा पुरते, मशीद शोधत मार्ग बदलायची गरज नाही. जुम्याचा दिवस टाळला आणि लांबच्या सफरी रमजानात ठेवल्या नाहीत. कसरचा प्रश्न मुलांनी काढलाच. सफरीचे अंतर साधारण 78 किलोमीटर सांगतात, भीमाशंकर त्याच्या अलीकडेच राहते. बारकावे आपल्या इमाम साहेबांना विचारावेत. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी रस्ता भाविकांच्या गाड्यांनी भरलेला असतो, तेव्हा सायकलवाल्याने त्यांची अडचण करू नये.

पहिल्या वेळी पोरे तळेघरला पोहोचली नाहीत. धाकट्याची चेन दोनदा उतरली, पोखरीच्या घाटात वेळ गेला. 11.30 ला मुलीचा फोन आला की आम्ही वळलो. आवाज रडवेला होता. अस्रला घोडेगाव, सव्वापाचला दारात. अम्मीने दार उघडून काही न बोलता तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रात्री मला म्हणाली, "जाऊ दे तिला पुढच्या वेळी. शब्द पाळते."

पुढच्या वेळी, फेब्रुवारीत, आखणीच बदलली. जाताना सायकल, येताना पिकअप. मंचरच्या बाजारात भाजी आणणारी ओळखीची गाडी दुपारी तळेघरहून परतणार होती, तिच्यात दोन सायकली बसल्या. यात कमीपणा मानायचे कारण नाही. स्वित्झर्लंडमध्ये टपालखात्याच्या पिवळ्या बसही सायकली घेऊन घाट चढतात. पोरे 6.45 ला निघाली, सव्वा वाजता अभयारण्यात पोहोचली. शेकरू दिसले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, मांजरापेक्षा लांब, झुपकेदार शेपटीची खार, झाडावरून झाडावर झेपावणारी. जंगलातल्या पायवाटांवर सायकल नेली नाही. तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि पायवाट चाकांनी उकरली की पहिल्या पावसात वाहून जाते. माथ्यावरून तळेघरपर्यंत उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, सोडत यायचे हे आधीच शिकवून ठेवले होते.

ज्यांच्या घरात मुलीच्या सायकलवरून अजून वाद चालू आहे त्यांच्यासाठी एक नाव सांगून ठेवतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारून आली. 159 दिवसांत. आमच्या अम्मीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "तिच्या घरी कागद कोण ठेवत होते?"

आता नाणेघाटचा कागद फ्रिजवर आहे. जुन्नरहून चावंडच्या पायथ्याने घाटघरला जायचे, सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण पाहायचा आणि कड्यावरूनच मागे वळायचे. जुन्नरपर्यंत पिकअपने जावे की सायकलने, यावर अजून एकमत नाही. अम्मी पिकअपच्या बाजूने आहे, आणि या वेळी तिलाही सोबत यायचे आहे.