बातमी चालली की नाही, हे कोण ठरवणार?



आम्ही चार-पाच कार्यकर्ते तालुक्यातल्या बातम्या मोबाईलवरून देतो. गेल्या एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीचा आमचा व्हिडिओ सव्वा लाख लोकांनी पाहिला. त्याच आठवड्यातली वस्तीच्या कोरड्या नळाची बातमी जेमतेम तीनशे जणांनी. आम्ही सव्वा लाखाचा आकडा मिरवत फिरलो. वस्तीतल्या एका आजीने विचारले, "बाळांनो, किती जणांनी बघितलं ते सांगता, पाणी कवा येणार ते सांगा की!"

पंधरा दिवसांनी पाइपलाइन दुरुस्त झाली. त्या तीनशे जणांत पाणीपुरवठ्याचा एक अधिकारी होता, हे नंतर कळले. आमच्या हिशेबात 'पडलेली' बातमीच कामाला आली होती.

व्ह्यूज आणि टीआरपी फक्त गर्दी मोजतात. आणि गर्दीला आपल्या दुःखात रस असतोच असे नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. कार्यकर्त्यांनी सत्यशोधन केले, मोर्चे निघाले, तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांना जाग आली. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी सुरू केलेला 'मूकनायक' 1923 मध्ये बंद पडला. खपावर मोजला तर तो नापासच ठरेल! पण त्याने मुक्यांना वाचा दिली, ती कोणत्या आकड्यात बसवणार?

म्हणून आम्ही आता एक वही ठेवली आहे. अत्याचाराची बातमी दिली की त्यात प्रश्न लिहितो. अॅट्रॉसिटीचे कलम लागले का? नियमाप्रमाणे सात दिवसांत तातडीची मदत मिळाली का? साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले का? त्या त्या दिवशी पुन्हा फोन करतो, उत्तर लिहितो. शेवटचा रकाना पीडित कुटुंबाचा: बातमीने तुम्हाला बळ मिळाले की त्रास वाढला? हा रकाना सर्वात महत्त्वाचा, कारण बातमीनंतर गावात राहायचे त्यांनाच असते.

या वहीतही खोट शिरू शकते. मोर्चा, वकील, संघटना यांच्या कष्टाचे श्रेय आपल्या बातमीच्या नावावर लिहिण्याचा मोह होतो. काही बातम्यांचे फळ दहा वर्षांनी मिळते, काहींचे मिळतही नाही, तरी त्या लिहाव्याच लागतात. म्हणून 'काहीच झाले नाही' हेही आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. आमच्या वहीत सध्या त्याच नोंदी जास्त आहेत. पण त्याच आम्हाला पुढची बातमी कोणती द्यायची ते सांगतात.

मित्रांनो, तुमच्या तालुक्यातही अशी एक वही ठेवा. आकडा विचारणाऱ्यांना आजीचा प्रश्न ऐकवा.

जयभीम!