अपेक्षा किती?

मार्केट रिसर्चच्या धंद्यात घरचं उत्पन्न सरळ विचारून कुणी त्यावर भिस्त ठेवत नाही. नोकरदार पगार फुगवून सांगतो, दुकानदार कमी करून सांगतो, आणि आमच्या येवल्याकडचा शेतकरी म्हणतो, "आधी कांद्याला भाव काय मिळतो ते बघू." म्हणून आम्ही आडवाट धरतो. २०११ साली आलेल्या पद्धतीत घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण विचारायचं आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत ते मोजायचं. पंखा, गॅस, दुचाकी, फ्रीज, एसी. त्या यादीत शेतजमीनसुद्धा आहे. एवढ्यावर कुटुंब ए-वन ते ई-थ्री यांपैकी कुठल्या तरी खणात जाऊन बसतं.

लोकांच्या खिशाचा असा अदमास घेण्यात हयात घालवणारी आमची मंडळी स्वतःच्या मुलाखतीत "तुमची अपेक्षा किती?" म्हटलं की गडबडतात. एजन्सीत असताना माणसं निवडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. तेव्हा दोनच उत्तरं ऐकू यायची: "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या" किंवा "आत्ताच्या पगारावर तीस टक्के". दुसरं मला जास्त खटकायचं. पहिल्या नोकरीत ज्याला कमी पगारावर घेतलं, तो त्याच कमी पगारावर टक्के चढवत पुढची दहा वर्षं काढतो.

खरं तर या कामाचं हत्यार आमच्याच पेटीत आहे. पीटर व्हान वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने १९७६ साली किंमत ठरवण्यासाठी चार प्रश्न सुचवले. कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी स्वस्त वाटेल की दर्जाचीच शंका यावी? कोणत्या किमतीला फायद्यात पडली असं वाटेल? कुठे महाग वाटेल, पण तरी विचार कराल? आणि कुठे घेणारच नाही? शॅम्पूपासून विम्यापर्यंत हे प्रश्न आम्ही लोकांना विचारतो, स्वतःच्या पगाराला मात्र लावत नाही.

यातला पहिला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि येवल्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पैठणीचा आकडा फारच कमी सांगितला तर जाणतं गिऱ्हाईक खूश होत नाही, ते पदर उलटा करून बघतं. हातमागाचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो. यंत्रमागाच्या पदरामागे धागे सुटलेले दिसतात. फार कमी पगार मागणाऱ्या उमेदवाराकडे मीही तसाच बघायचो. सेगमेंटेशन याने स्वतः केलंय, की वरच्या माणसाने केलेल्या कामाच्या नुसत्या स्लाइड बनवल्यात?

हे चार आकडे काढायला लायब्ररीत जावं लागत नाही. जुना सहकारी, डेटा प्रोसेसिंगवाला, भरती करून देणारा एखादा कन्सल्टंट, इतक्यांना फोन केले तरी चित्र उभं राहतं. फक्त एजन्सीतले पगार आणि क्लायंटकडचे पगार एकत्र करू नयेत. क्लायंटकडे सहसा जास्त मिळतात, पण बेसच वेगळा असेल तर सरासरी कशाची काढणार?

आकडा सांगण्याआधी काय विचारायचं, तेही पैठणीच्या विणकराकडून शिकावं. रेशीम बंगळूरचं, जर सुरतेची, दोन्ही शेठ देतो. विणकर मजुरीवर विणतो. साडीचा दर बोलताना विणकर आधी विचारतो, "काठ कुठला? पदरात मोर किती? अंगावर बुट्टी, की ब्रोकेड?" नक्षी कळल्याशिवाय त्याच्या तोंडून आकडा निघत नाही. (कांड्या घरातली बाई भरते. तिची मजुरी वेगळी धरलेली मी तरी पाहिली नाही.) आमच्याकडची पोरं मात्र एकाच वेळी किती प्रोजेक्ट हाताळायचे, दर महिन्याचा ट्रॅकर आहे की प्रत्येक वेळी नवा अभ्यास, फील्डवर किती दिवस, हे काही न विचारता होकार देऊन मोकळी होतात.

गावातल्या एका मुलीला पुण्याहून वर्षाला बारा लाखांच्या नोकरीचं पत्र आलं. ती हिशेब करून बसली होती, महिन्याला लाख. आम्ही पत्र समोर ठेवून उलगडलं. मूळ वेतन सहा लाख. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १२ टक्के, म्हणजे ७२ हजार, याच बारा लाखांत धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, २८,८६० रुपये, तीही यातच. आणि कायम नोकरीत ती हाती यायची तर साधारण पाच वर्षं टिकायला हवं. कामगिरीवर मिळणारा बदलता भाग १ लाख २० हजार. एवढं वजा केल्यावर महिन्याला ८१,५९५ उरले. त्यातून तिचा स्वतःचा निधीचा वाटा सहा हजार; आयकर आणि व्यवसाय कर अजून बाकीच.

"काका, ते म्हणतात पगाराच्या ठरलेल्या बँडच्या वर जाता येत नाही."

"नको जाऊ देत. बारा लाख बाराच राहू देत. बदलत्या भागातलं निश्चित पगारात किती टाकता, ते विचार. नोटीस नव्वद दिवसांची आहे, ती साठ करता का, तेही विचार."

बदलत्या भागातला निम्मा निश्चित झाला, नोटीस साठ दिवसांवर आली. बँड जागेवरच राहिला, त्यामुळे एचआरचाही मान राहिला.

घासाघीस करायची खरी गरज ज्यांना आहे, त्यांच्या हातात मात्र असलं पत्र कधी पडत नाही. घरोघर हिंडणाऱ्या इन्व्हेस्टिगेटरला पूर्ण झालेल्या फॉर्ममागे पैसे. कुलूप लागलेलं घर, "नंतर या" म्हणणारं घर, अर्ध्यात उठून गेलेली बाई, यांचे काही नाही. फेरतपासणीत फॉर्म बाद झाला की तेही गेले. नाशिक भागात नवीन काम निघालं की पोरं मला दर विचारतात. मी त्यांना प्रश्नावली मागवून घ्यायला लावतो आणि शेजारच्या काकूंवर घड्याळ लावून भरून बघायला सांगतो. वीस मिनिटांची म्हणून दिलेली प्रश्नावली काकू पस्तीस मिनिटांत संपवतात, चहा सोडून. मग फोन करायचा तो पस्तीस मिनिटांच्या दरासाठी, बसभाडं वेगळं, आणि बाद फॉर्मचं कारण लेखी.