गच्चीवरच्या कारवानास

प्रिय चित्त्या,

विश्रामबागेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर तू दिवसभर बांधलेला असतोस. खालून गाडी गेली की साखळी ताणून कठड्यापर्यंत येतोस, भुंकतोस, गर्रकन वळतोस, पुन्हा तेच. पुढचा उजवा पंजा चाटून चाटून तिथले केस गेलेत. येणारे-जाणारे म्हणतात, "कारवान आहे, रागीट असणारच." मला हे अजिबात पटत नाही. तुला कंटाळा आलाय, जीव जाईल इतका.

खोल छाती, लांब पाय, लांबवरची हालचाल टिपणारे डोळे. हे अंग घडलं ते माळासाठी. दिवाळीनंतर माण, आटपाडी, जतकडचे धनगर वाडा हलवतात, तेव्हा मेंढरांबरोबरच्या कुत्र्याला रोज नवा माळ, नवं पाणी, नवे वास मिळतात. तुला मिळते बाराही महिने तीच गच्ची.

तुला खाली आणतात, नाही असं नाही. पण शी-शू उरकली की लगेच वर. विजेच्या खांबाशी तू थांबलास की पट्ट्याला हिसका बसतो, "चल रे, काय हुंगतोस!" अरे, फिरणं त्यासाठीच तर असतं. रात्री तिथं कोण आलं, नर होता की मादी, ओळखीचा की परका, हे तुला त्या खांबावरून कळतं. 2019 साली शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी काही पाळीव कुत्र्यांना वासावरून खाऊ शोधायला लावला, तर काहींना मालकाच्या पायालगत चालायला. दोन आठवड्यांनी, आत खाऊ असेल की नाही हे कळू नये अशा जागी वाडगं ठेवलं. हुंगणारी कुत्री त्याच्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. नुसतं चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. नाकाला काम मिळालं की कुत्र्याच्या मनाला उभारी येते, ती अशी.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी मिळाली असं सांगतात. पालखीचं कौतुक सगळ्यांना. मला मात्र हेवा वाटतो तो महाराजांबरोबर त्याला हिंडायला मिळालेल्या रानाचा.

तुझ्या मालकांना आणखी एक सांगायचंय, म्हणून हे पत्र उघडं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 म्हणतं की नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं नाही, तर तीही क्रूरताच. मालक वाईट नाहीत. तुझं खाणं, लस, सगळं वेळच्या वेळी करतात. वेळ तेवढा देत नाहीत.

फार काही नको. पहाटे, डांबर तापायच्या आत, गळ्याला काचणार नाही असा छातीपट्टा आणि लांब दोर. कृष्णेच्या घाटाकडे अर्धा तास, आणि त्यातला निम्मा वेळ तू नेशील तिकडे. घाटावरची कुत्री गुरगुरली तर वाट बदलायची, तुला त्यांच्या अंगावर ओढायचं नाही. रोज त्याच गल्लीत न्यायचं नाही.

त्यांना सकाळी जमत नसेल तर मी नेतो, असं मी सांगून आलोय. अजून हो म्हणालेले नाहीत. रविवारी पुन्हा विचारणार आहे.

तुझा,
समोरच्या घरातला काका