पाऊण फेरा

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी मी ग्लँडचे दोन्ही नट पाऊण-पाऊण फेरा आवळले. वाफेची बारीक फुसफुस थांबली. पाना पुसून मी शिडी उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांची फेरी होती आणि बॉयलरच्या फीडवॉटर कंट्रोल व्हॉल्व्हपाशी गळती दिसायला नको होती. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या विभागाचं काम नीटनेटकं दिसावं, ही माझीच हौस.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामाला होतो. आमच्या भागात अशी वीजघरं, बॉयलर, भट्ट्या पुष्कळ. ऊर्जानगरचं 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद, गडचांदूरचं सिमेंट, घुग्घुसचं लोखंड आणि आता नदीपलीकडे गडचिरोलीतल्या कोनसरीचंही. रस्त्यावरून जाणाऱ्याला चिमण्या दिसतात. आतल्या वाफेला आणि पाण्याला आवर घालणारी बोटाएवढ्या नळीतली हवा दिसत नाही.

न्यूमॅटिक कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर लागेल तेवढाच उघडणारा व्हॉल्व्ह. डोक्यावर दोन पराती एकमेकींवर उपड्या घातल्यासारखं घर, मधे रबराचा डायफ्राम. त्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग. डायफ्रामला जोडलेली दांडी योक नावाच्या चौकटीतून खाली येते, ग्लँडच्या, म्हणजे दांडीभोवती गळती रोखणाऱ्या, पॅकिंगमधून आत शिरते आणि तिच्या टोकाचा प्लग सीटवरून उठतो किंवा बसतो. पॅनेलवरून 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल निघतो, त्याचं रूपांतर 0.2 ते 1 किलो दाबाच्या हवेत होतं. डायफ्राम 600 चौरस सेंटिमीटरचा असेल तर 1 किलो दाबाला 600 किलोचा रेटा मिळतो. तो रेटा स्प्रिंगला दाबतो, आतल्या पाण्याच्या जोराला पुरा पडतो आणि उरलेला पॅकिंगचं घर्षण सोसतो. दांडी सांगितल्या जागी पोचली की नाही, हे पोझिशनर एका तरफेने तपासतो आणि ती मागे पडली तर हवा वाढवत राहतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. नट आवळताना घर्षणाचा हिशोब मात्र मनात आला नाही.

रात्री पावणेदोनला पॅनेलवरून बोलावणं आलं. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी करवतीच्या दातांसारखी वरखाली होत होती. मी पडद्यासमोर बसलो. कंट्रोलरचा आउटपुट 48, 50, 53 टक्के असा चढत होता आणि पातळी खालीच जात होती. मग एकाएकी पाणी भसकन वाढे आणि आउटपुट उलटा फिरे. मी ठरवून टाकलं की कंट्रोलरचं ट्यूनिंग बिघडलंय. गेन, म्हणजे त्याच्या प्रतिसादाचा जोर, कमी केला. लाटा सावकाश झाल्या, पण आणखी मोठ्या झाल्या. तासाभरात पातळी इतकी खाली गेली की संरक्षण यंत्रणेने बॉयलर ट्रिप केला. सगळं पुन्हा जागेवर यायला दुपार झाली.

त्या तासाभरात मी एकदाही व्हॉल्व्हपाशी गेलो नाही. पडद्यावर दिसत होता तो आमचा हुकूम. दांडी कुठे आहे हे पडद्याला कळत नव्हतं, कारण त्या जुन्या पोझिशनरमधून परत येणारा सिग्नलच नव्हता. योकवर पितळेची पट्टी असते, तिच्यावर काटा फिरतो. तो बघायला तीन जिने चढावे लागत होते.

पुढे थ्री माइल आयलंडच्या अपघाताबद्दल वाचलं तेव्हा मला ती रात्र आठवली. 28 मार्च 1979ची पहाट, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं अणुवीज केंद्र. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र, मिटण्याचा हुकूम गेला, एवढंच दाखवत होता. कामावरच्या माणसांनी व्हॉल्व्ह मिटला असं धरलं आणि दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीचं पाणी निघून जात राहिलं. तो व्हॉल्व्ह हवेवर चालणारा नव्हता, आणि माझ्या बॉयलरची त्या संकटाशी तुलनाही करत नाही. पण दिव्याला व्हॉल्व्ह समजण्याची चूक मी ओळखतो.

आता जे सांगतो ते चारचौघांत सांगायला मला बरीच वर्षं लागली. ट्रिपचा अहवाल माझ्याकडे आला. संध्याकाळच्या पाळीत आमच्या कंत्राटी हेल्पर मामांनी एअर फिल्टर रेग्युलेटरमधलं पाणी काढलं होतं. त्यासाठी शेजारचा कॉक बंद करून पुन्हा उघडावा लागतो. मी लिहिलं, 'हवेचा कॉक अर्धवट बंद राहिल्याची शक्यता.' शक्यता हा शब्द मी विचार करून घातला होता. ग्लँड आवळल्याचं लिहिलं नाही. मामांचा गेटपास आठ दिवस अडवला गेला. आठ दिवसांची रोजी बुडाली.

मामा आरमोरीकडचे. घरी थोडी धानाची शेती. रोवणीला आणि कापणीला सुट्टी घेत, एरवी कधी गैरहजर नसत. नवव्या दिवशी ते परत आले तोवर मी पोझिशनर नवा बसवला होता आणि आम्ही तो व्हॉल्व्ह पुन्हा लाइनवर घेत होतो. पातळी पुन्हा तशीच नाचायला लागली. मामांनी दांडीच्या कडेला खडूने रेघ मारली, योकवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दांडी सरसर नाही चालून राह्यली जी. अडकते न् मंग उडी मारते. हात ठेवून पाहा."

मी हात ठेवला. थोडा वेळ काहीच नाही, मग लोखंडात ठक्क असा झटका. हवा वाढत होती, घर्षण दांडीला धरून ठेवत होतं आणि सुटली की ती हव्या त्या जागेच्या पुढे जात होती. नट सैल केले तशी ती मोकळी झाली, आणि वाफ पहिल्यापेक्षा जोरात यायला लागली. आम्ही शेजारच्या राखीव व्हॉल्व्हवर गेलो. खरं काय ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी मार्चपर्यंत बोललो नाही.

मार्चच्या शटडाउनमध्ये ग्लँड उघडला. वरच्या ग्रॅफाइटच्या रिंगा चेपल्या होत्या. खालच्या दोन हुकाने उपसायला लागलो तर दगडासारख्या कडक. त्या आधीच्या पॅकिंगमधल्या होत्या, आणि तेव्हाही काम माझंच होतं. जुनं सगळं खणून काढायला वेळ लागतो, म्हणून मी त्यांच्यावर नव्या रिंगा चढवल्या होत्या. कडक झालेल्या रिंगा दाब घेत नाहीत, सगळा भार वरच्यांवर येतो, म्हणून तो ग्लँड गळत होता. म्हणजे गळती माझी आणि तिच्यावरचा उपायही माझा. दांडीवर नखाला लागेल असा उभा ओरखडा पडला होता. अशी दांडी नव्या पॅकिंगला महिनाभरात खाते. दांडी बदलावी लागली.

या वेळी पॅकिंग सावकाश केलं. घर तळापर्यंत साफ, दांडी आरशासारखी. एकेक रिंग स्वतंत्र दाबून बसवायची, कापलेली टोकं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, प्रत्येक जोड आधीच्यापासून पाव वळणावर. नट आधी हाताने, मग दोन्ही बाजूंनी सारखे, पान्याने षट्कोनाची एक-एक बाजू. मधे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून-मिटून चालवायचा आणि मगच पुढची बाजू. पाऊण फेरा म्हणजे अशा साडेचार बाजू होतात, आणि त्या मी एका दमात आवळल्या होत्या. शेवटी सिग्नल 0, 25, 50, 75, 100 असा चढवून आणि तसाच उतरवून काटा वाचला. मग अर्धा-अर्धा टक्का वाढवून बघितलं की दांडी नेमकी कधी हलते. ही दुसरी परीक्षा बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही, आणि घर्षण पकडते ती हीच.

त्या दिवशी मी माझ्या वरिष्ठांना तोंडी खरं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं. मामांना वेगळं गाठून सांगितलं आणि आठ दिवसांच्या रोजीचे पैसे पुढे केले. त्यांनी घेतले, मोजले, खिशात ठेवले. काही बोलले नाहीत. मला बोलणं ऐकायचं होतं, पण तो माझा हक्क नव्हता.

इतकं होऊनही जुलैत पुन्हा चुकलो. मामा रोवणीला गावी गेले होते. फिल्टरमधलं पाणी रोज काढणारं कुणी उरलं नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. चंद्रपूरचा मे महिना 46-47 अंशांचा, कोरडा ठणठणीत. त्या दिवसांत इन्स्ट्रुमेंट एअरचा, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या हवेचा, ड्रायर निम्मा निकामी असला तरी कळत नाही. पाऊस लागला की उघडं पडतं. मीटरवर 7 किलो दाब म्हणजे हवेची आठ आकारमानं एकात कोंबलेली, आणि त्यांतली सगळी वाफही तिथेच. ती थंड झाली की पाणी होऊन नळीत उतरते. आमच्या ड्रायरमधल्या अॅल्युमिनाच्या गोळ्यांवर कॉम्प्रेसरचं तेल चढलं होतं. मी ड्रायरमधून निघणाऱ्या हवेचा दाब रोज लिहीत होतो, दवबिंदू वर्षभरात एकदाही मोजला नव्हता. उणे 40 चा दवबिंदू मागणारी माणसं बर्फाच्या देशातली, आपल्याला त्याचं काय, असं मला वाटे. खरं तर निदान सर्वांत थंड रात्रीपेक्षा 10 अंश खाली तो हवाच, आणि हिवाळ्यात आमच्याकडे पारा 10 च्या खाली जातो. पोझिशनरमधलं नोझल केसाएवढं. त्यात नळीतला गंज आणि पाण्याचा थेंब गेला की संपलं. एका आठवड्यात तीन पोझिशनर उघडले. थ्री माइल आयलंडच्या त्या पहाटेची सुरुवातही अशीच झाली होती, असं चौकशीत मानलं गेलं. इन्स्ट्रुमेंट एअरच्या नळीत पाणी शिरलं, व्हॉल्व्ह मिटले आणि फीडवॉटरचे पंप थांबले.

सप्टेंबरात मामा परतले होते. डीएरेटरचा वाफेचा व्हॉल्व्ह सुस्त झाला. उघडताना रेंगाळे आणि पूर्ण उघडतच नसे. हवा कोरडी, ग्लँड मोकळा, पोझिशनर ठीक. मी डायफ्राम बदलायची तयारी केली. मामांनी वरच्या परातीच्या झाकणावरचं छोटं छिद्र दाखवलं. ते मातीने लिंपलेलं होतं. "कुंभारणीनं घर केलं जी." स्प्रिंगच्या बाजूची हवा त्या छिद्रातून बाहेर पडली पाहिजे. ती कोंडली की दुसरी स्प्रिंगच होते आणि डायफ्रामला मागे रेटते. नाल्याकाठची ओली माती आणून त्या माशीने तिथे अंडं घातलं होतं, पिल्लाला खायला बधिर केलेले कोळी भरून ठेवले होते. जंगलाला लागून असलेल्या कारखान्यात हे घडणारच. आम्ही सगळ्या व्हॉल्व्हना जाळीच्या टोप्या बसवल्या, तोंड खाली करून. तपासणीच्या यादीत छिद्राची ओळ वाढवली ती मामांच्या सांगण्यावरून, पण यादीवर सही माझी होती.

आता गडचिरोलीतली आयटीआय झालेली पोरं या कामावर येताहेत. त्यांना माझं एकच मागणं आहे: ग्लँड आवळला तर किती बाजू आवळला आणि कधी, हे पाळीच्या वहीत त्याच वेळी लिहा, कुणी विचारायच्या आधी.

मी ते लिहिलं नाही. त्या जानेवारीच्या अहवालात ट्रिपचं कारण म्हणून हवेचा कॉकच नोंदलेला राहिला. तो कॉक मामांनी पूर्ण उघडला होता. ग्लँड मी आवळला होता.