मूल शाळेत जाते, पण वाचते काय?

आपल्या वस्त्यांमध्ये आज शाळेत नाव नसलेले मूल शोधून काढावे लागते. ही गोष्ट लहान नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवले जाई, त्यांची नातवंडे सकाळी दप्तर पाठीला लावून निघतात. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप ओव्हरटाइम करतो आणि वह्या-पुस्तकांना कमी पडू देत नाही. परंतु पालक बंधू-भगिनींनो, एक प्रश्न स्वतःला विचारावा असा आहे. आपले मूल वाचते काय? ते पास होते काय, त्याची वही भरलेली असते काय, असे मी विचारत नाही. कधीही न पाहिलेल्या चार ओळी समोर ठेवल्या तर ते वाचते काय आणि त्यात काय लिहिले आहे ते सांगते काय, एवढेच विचारतो.

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी सात ते साडेआठ आम्ही काही कार्यकर्ते मुलांचा वर्ग घेतो. दिवसभर ऑफिसात कागदांची आवक-जावक करून आल्यावर हे काम जरा जिवंत वाटते. सातवीतील एक मुलगी वर्गात येऊ लागली. अक्षर मोत्यासारखे, वहीवर शिक्षकांचे 'छान' असे शेरे. तिनेच लिहिलेली एक ओळ तिला वाचायला सांगितली, तर ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. फळ्यावरचे ती सात वर्षे हुबेहूब उतरवून काढत आली होती, जशी रांगोळीची नक्षी उतरवतात तशी. हात शिकला होता, पण त्या अक्षरांतला आवाज तिला कोणी दाखवला नव्हता.

त्यानंतर आम्ही सगळ्यांना तपासायचे ठरवले. आपली मुले विहारात त्रिशरण-पंचशील खड्या आवाजात म्हणतात, पुस्तिका समोर उघडी असते. पाहणाऱ्याला वाटते, काय सुंदर वाचतात! मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हा शब्द कोणता?" तर बरीच मुले पहिल्यापासून म्हणत आली. कोणी बोटापाशी थांबले, कोणी तो शब्द ओलांडून पुढे निघून गेले. बाराखडीचेही तसेच. चालीवर सगळी म्हणतात, पण नुसती 'की' लिहून दाखवली की गाडी अडते. पाठांतर वाईट नव्हे. आपल्या पूर्वजांना अक्षर नाकारले होते तेव्हा पाठांतरानेच त्यांनी गाणी, ओव्या आणि इतिहास जिवंत ठेवला. परंतु पाठांतराला वाचन समजणे ही फसवणूक आहे आणि ती आपल्या लेकरांचीच होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाविषयी भाषण केले. प्राथमिक शाळेत येणारे मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू असला पाहिजे, असे त्यांनी तेथे मांडले. शाळेत येणाऱ्या 100 मुलांपैकी जेमतेम 18 चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात, असा हिशेबच त्यांनी सरकारसमोर ठेवला. आपण 'शिका' हा शब्द भिंतीभिंतीवर रंगवला. पण शिकण्याची पहिली पायरी कोणती आणि ती कुठे तुटते, हे बाबासाहेबांनी आकड्यांत दाखवून दिले होते, ते भाषण आपण फारसे वाचत नाही.

आजची गळती वेगळी आहे. 1927 सालची ती 82 मुले निदान शाळेबाहेर पडलेली दिसत होती. आज मूल वर्गातच बसलेले असते, हजेरीपटावर नाव असते, वर्षामागून वर्ष वरच्या वर्गात जाते आणि आतल्या आत गळालेले असते. 'असर' नावाची पाहणी देशाच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासते. तिच्या 2024 च्या अहवालात पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. शिक्षणहक्काचा कायदा 2010 पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत नापास करायचे नाही, असे ठरले. पुढे 2019 मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. मला विचाराल तर ढकलून मूल शिकत नाही आणि थांबवूनही शिकत नाही. न वाचता येणाऱ्या मुलाला पुन्हा त्याच बाकावर एक वर्ष बसवले तर ते वर्षाने मोठे होते, एवढेच. सरकारने 2021 मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू करून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे असे ध्येय ठेवले, हे ठीक झाले. पण चौथीच्या पुढे निघून गेलेल्यांचे काय? ती मुले आपल्या दारात उभी आहेत.

आम्ही काय केले ते सांगतो. त्यात आमची विद्वत्ता काही नाही, अनेक ठिकाणी अशीच पद्धत वापरतात. प्रत्येक मुलाला एकटे बसवून चार चिठ्ठ्या दाखवल्या. पहिलीवर सुटी अक्षरे, दुसरीवर साधे शब्द, तिसरीवर चार सोपी वाक्ये, चौथीवर लहानशी गोष्ट. मूल जिथे अडले तिथे त्याचा गट. मग ते तिसरीत असो वा सातवीत. मोठ्या मुलांना लहानांत बसायची लाज वाटते, म्हणून गटांना इयत्तेची नावे दिली नाहीत आणि मोठ्यांना कोपऱ्यात वेगळी जागा दिली. ही लाज सांभाळणे हे अर्धे काम आहे.

अक्षरे सुरू केली ती 'अ अननसाचा' पासून नव्हे. आमच्या मुलांना अननस फारसा खायला मिळत नाही, पण 'भीम', 'रमाई', 'बुद्ध', 'धम्म' हे शब्द पाळण्यात असल्यापासून कमानीवर, बॅनरवर, भिंतीवर दिसत असतात. मुले ते शब्द चित्रासारखे ओळखतात. ते चित्र फोडायचे. 'भीम' या दोन अक्षरी शब्दातच भ आणि म शेजारी उभे आहेत, आणि याच दोघांत मुले सर्वात जास्त फसतात. नुसता 'रमा' घेतला तर र, म आणि काना हाती लागतो. त्यातून मार, राम, मामा असे शब्द मुले स्वतः बनवतात. स्वतः बनवलेला शब्द वाचताना मुलाचा चेहरा पाहावा!

मराठी लिपीत काही ठेचा ठरलेल्या आहेत. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. घ आणि ध, थ आणि य, ब आणि व यांचे घोटाळे. र तर बहुरूपीच. 'प्रकाश' मध्ये पायाशी, 'धर्म' मध्ये डोक्यावर, 'राष्ट्र' मध्ये टोपी उलटी करून खाली, 'सुऱ्या' मध्ये आणखी निराळा. आणि 'कृपा' मध्ये जो दिसतो तो र नव्हेच. मोठ्यांना हे इतके सवयीचे असते की मूल का अडले तेच कळत नाही, आणि "एवढे साधे येत नाही?" असे तोंडातून निघून जाते. मूल ठोंब्या नसते. एका वेळी एकच ठेच घ्यावी, आठवडाभर तीच घ्यावी, आणि ती पार झाल्याशिवाय जोडाक्षरांच्या रानात नेऊ नये.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या वस्तीतील बरीच घरे वऱ्हाडातून आलेली आहेत. घरात 'पानी' म्हणतात, 'डोया' म्हणतात. मूल पुस्तकातला 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचते आणि वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांना वाटते उच्चार चुकला. मुलाला मात्र कळते की आपली आई चुकली, आपले घर चुकले. त्या दिवसापासून ते तोंड उघडत नाही. 'शुद्ध भाषा' आणि 'अशुद्ध भाषा' यांमागे कोणाचे घर शुद्ध आणि कोणाचे अशुद्ध हा जुनाच हिशेब असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आमचा नियम असा आहे: ज्या मुलाने 'पाणी' पाहून 'पानी' म्हटले, त्याने तो शब्द बरोबर वाचला. अक्षर ओळखले, अर्थ कळला, आणखी काय हवे? लिहिताना ण कुठे येतो ते पुढे सवयीने बसते. वाचता वाचता पदोपदी टोकायचे नाही.

लेखनासाठी फळ्यावरून उतरवणे बंद केले. मुलाने आज काय घडले ते तोंडाने सांगायचे, ताईने किंवा दादाने ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, मग मुलाने वाचायचे. स्वतःचेच बोलणे असल्याने ते वाचता येते. काही आठवड्यांनी ताईने पेन्सिल मुलाच्या हाती द्यायची. एका मुलाने लिहिले, 'आज ठेकेदारान आईला पैशे दिले नाय.' शुद्धलेखनाचे गुण द्यायचे तर हाती फार काही लागणार नाही. पण हेच मूल उद्या मजुरीच्या तक्रारीचा अर्ज लिहू शकेल. ऑफिसात रोज पाहतो, आपले लोक पदवीधर मुलाला सोबत आणतात आणि तरी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतात.

आया म्हणतात, "भाऊ, आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" भाषणात आपण सांगतो की परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार पहाटे दोनला बाबासाहेबांना अभ्यासाला उठवत. ते खरेच आहे. पण सुभेदार स्वतः शिकलेले होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे सांगायचे राहून जाते आणि न शिकलेली आई उगीच खजील होते. तिला आम्ही एकच काम दिले आहे. भाकरी थापताना मुलाला शेजारी बसवून म्हणायचे, "वाच, मी ऐकते." मग विचारायचे, "पुढे काय झालं?" ज्या आईला अक्षर येत नाही, तिला गोष्ट कळली की नाही ते मात्र बरोबर कळते. मुलाने अर्थ न समजता नुसती घोकंपट्टी केली तर तिच्या कानाला ती लगेच लागते. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवणे हेच अवघड जाते, ते मान्य आहे.

इंग्रजी माध्यमाबद्दल थोडेच बोलतो. इंग्रजीला माझा विरोध नाही, ती आपल्याला हवीच. पण मराठीत आवाज आणि अक्षर यांची गाठ न बसलेले मूल इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग नुसते पाठ करते, आणि हाती दोन्ही भाषा लागत नाहीत. फी मात्र दर वर्षी वाढते.

आमच्यातलेच काही मित्र म्हणाले, अक्षरओळख करत बसण्यापेक्षा स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढा, समाजातून अधिकारी झाले पाहिजेत. अधिकारी व्हावेतच. पण विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आणि खालच्या ओट्यावर सहावीतले न वाचणारे मूल, हे चित्र मला पटत नाही. त्या ओट्यावरची मुले वर चढली नाहीत तर दहा वर्षांनी अभ्यासिकेत बसणार कोण? जयंतीच्या वर्गणीतून यंदा आम्ही दोन हजार रुपये मागून घेतले. त्यातून गोष्टींची पातळ पुस्तके, पाट्या आणि एक फळा आला. कुरकुर झाली, पण मिळाले.

तो फळा विहाराच्या दाराशी लावला आहे आणि त्यावरच्या सूचना मुलेच लिहितात. गेल्या पौर्णिमेला फळ्यावर 'पोर्णिमा' असे लिहिले गेले. एक ज्येष्ठ उपासक फडके घेऊन पुसायला निघाले होते, त्यांना थांबवले. लिहिणाऱ्या मुलीला कॅलेंडर दिले. तिने बोट ठेवून शब्द शोधला, दोनदा पाहिला, आणि दुसरी मात्रा स्वतः दिली. संध्याकाळी येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या फळ्यासमोर थांबून वाचत होता, आणि ती मुलगी दाराआड उभी राहून कोण वाचते आणि कोण नुसते पाहते ते मोजत होती.