पेन्सिल सेलवाला माउस

माउस मेला तेव्हा दादाच्या गावावर हल्ला चालू होता. शनिवारची सकाळ. इथे पुण्यात साडेसात, तिकडे टोरांटोत शुक्रवार रात्रीचे दहा. एज ऑफ एम्पायर्स टू. आम्ही दोघं एका बाजूला, कॉम्प्युटरचे चार शत्रू दुसऱ्या बाजूला. माझं घोडदळ त्याच्या तटाजवळ पोचलं होतं आणि स्क्रीनवरचा बाण मध्येच थिजला. केबल शोधली, लावली. पण माउसचं चार्जिंगचं भोक सहा महिन्यांपासून सैल झालेलं. केबल एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच वीज जायची. ते जमेपर्यंत दादाचं टाउन सेंटर पडलं. चॅटमध्ये एक ओळ आली, ‘नाही यायचं तर तसं सांगायचं.’ आणि तो निघून गेला.

ही ओळ घोडदळाबद्दल नव्हती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी अडतीस वर्षांचा आहे, दादा एकेचाळीसचा. अप्पा गेल्यावर मिरजेचं घर विकायचं की ठेवायचं यावरून आमचं बिनसलं. त्याला विकायचं होतं. मला ठेवायचं होतं, आणि तिथे राहायला मात्र जायचं नव्हतं; या मुद्द्यावर त्याने मला बरोब्बर पकडलं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. आठ महिने फोन नाही. मग एका शनिवारी स्टीमवर त्याचं गेमचं आमंत्रण आलं. सोबत एक अक्षर नाही. तेव्हापासून दर आठवड्याला दोन तास आम्ही बोलायचो ते एवढंच: लाकूड कमी आहे, उजवीकडून येतायत, दगड पाठव.

2001 साली घरी एकच कॉम्प्युटर होता. दादा माउस धरायचा, मी कीबोर्ड. ‘एच’ दाबलं की टाउन सेंटर, पूर्णविराम दाबला की रिकामा बसलेला गावकरी. गोळीवाला माउस होता तो. आठवड्यातून एकदा उलटा करून, गोळी काढून, आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. ते काम माझं. माउस हातात धरायचा हक्क मात्र दादाचाच.

तर हा मेलेला माउस. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी संपली, बॅटरी सुटी मिळत नाही, नवा घ्या. घरी येऊन मी तो उघडला. स्क्रू असतात ते खालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या आत. त्या उचकटल्या की वाया जातात. आत चपटी लिथियमची पुडी फुगून उशीसारखी झाली होती. फुगलेल्या सेलला टोचू नये, दाबू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. मी तिचा फोटो काढला आणि बऱ्याच विचाराने दादाला पाठवला. खाली लिहिलं, ‘गेलो नव्हतो. हे झालं होतं.’

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘पेन्सिल सेलवाला घे.’

पुढचे तीन आठवडे आम्ही फक्त माउसवर बोललो. वर्षभरात एवढं बोललो नव्हतो. ऑफिसात असतो तो साधा वायरलेस माउसही पेन्सिल सेलवर चालतो, मग तोच का नको, असं मी विचारलं. दादा इंजिनिअर, त्याने शिकवणीच घेतली. साधा ब्लूटूथ माउस सेकंदाला बहुधा सव्वाशे वेळा आपली जागा कळवतो, गेमिंगचा हजार वेळा. आमच्या खेळात तेवढी घाई नसते हे त्यालाही मान्य होतं. ‘पण तुझं घोडदळ आधीच उशिरा येतं,’ असं त्याने लिहिलं. हा टोमणा वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

यादी लहानच निघाली. लॉजिटेकचा जी 603 दोन सेलवाला. एका सेलवरही चालतो, पण अंगाने जड. रेझरच्या ओरोची व्ही 2 मध्ये जाड आणि बारीक अशा दोन्ही पेन्सिल सेलना खाचा आहेत, एका वेळी एकच घालायचा. कल्पना सुंदर, पण माउस छोटा. माझा पंजा अप्पांवर गेलाय. राहिला जी 305. एक सेल, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अडीचशे तास, सेलसकट 99 ग्रॅम. सेन्सर 12,000 डीपीआयचा आहे म्हणे. मी 800 वर खेळतो. हे मोठे आकडे मिक्सरच्या वॅटसारखे असतात, चटणी तेवढीच होते.

वजनाचा प्रश्न खरा आहे. सेल पाठीकडे बसतो, त्यामुळे माउस उचलला की मागे झुकतो. साधा अल्कलाइन सेल 23 ग्रॅमच्या आसपास, चार्ज होणारा त्याहून थोडा जड, लिथियमचा 15. बारीक सेल प्लास्टिकच्या नळकांड्यात घालून जाड खाचेत बसवायची युक्तीही आहे. मी चार्ज होणारे चार घेतले. त्यांचा दाब दीडऐवजी 1.2 व्होल्ट, त्यामुळे स्क्रीनवरचा बॅटरीचा टक्का खोटं बोलतो. भरलेला सेलही अर्धवट दिसतो. आणखी एक अनुभवाचं: यूएसबी 3 च्या पोर्टाची कुरबुर माउसच्या रेडिओलहरींत मिसळते, म्हणून रिसीव्हर केबलने पुढे आणून माउसजवळ ठेवावा. 2027 च्या फेब्रुवारीपासून युरोपात, काही अपवाद सोडून, ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यावी लागणार आहे. आपल्याकडे तोवर भोक सैल होईपर्यंत वापरायचं.

माउस आला त्या रात्री दादाला सेल घालतानाचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, ‘अप्पांचे सेल आठवतात?’

आठवतात. ट्रान्झिस्टरचा आवाज बसला की अप्पा सेल काढून गच्चीवर उन्हात ओळीने मांडायचे. तापलेले सेल आणखी दोन दिवस बातम्या ऐकवायचे. त्यातला एक एकदा फुटून पांढरी पूड बाहेर आली, आईने ट्रान्झिस्टर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला. मी लिहिलं, ‘कपाटाच्या खालच्या खणात अजून असतील.’ दादाने लिहिलं, ‘असतील. तो खण रिकामा करायला मी येतो डिसेंबरात. तू पण ये. बाकीचं तिथे बोलू.’

बाकीचं म्हणजे काय ते आम्ही दोघांनीही लिहिलं नाही. माझं मत बदललेलं नाही. त्याचंही नसावं.

नवा माउस साडेपाच आठवड्यांनी पहिल्यांदा बंद पडला, नेमका शनिवारीच. मी ट्रॅकपॅडवरून कसंबसं ‘सेल’ एवढंच टाइप केलं. दादाने खेळ थांबवला. मी झाकण सरकवलं, सेल बदलला, झाकण लावलं. परत आलो तर त्याने लिहून ठेवलं होतं, ‘उन्हात ठेवलेस का?’

मग आम्ही खेळलो आणि हरलो. माझं घोडदळ पुन्हा उशिरा पोचलं.